देव, बेंडर आणि धुलाईच्या खोलीत कोंडलेले भिक्खू

तिरकस (धागाकर्ता)

'फ्युचरामा' बघणारे इथे किती जण आहेत कल्पना नाही, म्हणून आधी थोडक्यात. 'सिम्पसन्स'वाल्या मॅट ग्रेनिंगची ही पुढची मालिका, जोडीला डेव्हिड एक्स. कोहेन. २८ मार्च १९९९ ला फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, बंद पडली, परत आली, परत बंद पडली, २०२३ मध्ये हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर पुन्हा उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा पोचवणारा फ्राय नावाचा पोरगा १९९९ च्या शेवटच्या रात्री गोठवला जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. पुढे त्याचे सोबती म्हणजे एकडोळी लीला आणि बेंडर नावाचा दारुडा, चोरटा, शिवराळ रोबो. प्रास्ताविक संपलं.

विज्ञानकथेत धर्म बहुतेक वेळा दोन प्रकारे येतो. एक तर भविष्यातले लोक त्यातून केव्हाच बाहेर पडलेले असतात आणि आपल्याकडे कीव करून बघतात. नाहीतर शेवटी एक तेजोगोल प्रकटतो, पार्श्वसंगीत चढतं आणि सगळे गप्प. फ्युचरामात ३००० सालीही धर्म शाबूत आहे, आणि आजच्याइतकाच विस्कळीत आहे. रोबोंचं स्वतःचं 'टेंपल ऑफ रोबॉटॉलॉजी' आहे. पोपच्या जागी अंतराळ पोप आहे आणि तो मगरीसारखा सरपटणारा प्राणी आहे. रोबो ज्यूसुद्धा आहेत. त्यांच्यातल्या एकाचं रोबो येशूबद्दलचं मत असं, की तो घडवला गेला होता हे आम्ही मानतो, त्याचं प्रोग्रॅमिंगही उत्तम होतं, पण तो आमचा मसीहा नव्हे. दोन धर्मांमधला दोन हजार वर्षांचा वाद एका वाक्यात उरकला, आणि कुणाची कुचेष्टाही नाही.

पण माझ्या मते या सगळ्याचा कळस म्हणजे 'गॉडफेलाज' हा भाग. प्रक्षेपण १७ मार्च २००२, लेखक केन कीलर. (हा माणूस हार्वर्डचा गणितातला डॉक्टरेट आहे हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) या भागाला रायटर्स गिल्डचा पुरस्कारही मिळाला.

कथा अशी. बेंडर यानातल्या टॉर्पेडोच्या नळीत झोपलेला असतो. चाचे हल्ला करतात, प्रतिहल्ल्यात टॉर्पेडोऐवजी बेंडरच बाहेर डागला जातो. यान तेव्हा पूर्ण वेगात असल्यामुळे बेंडरचा वेग त्याहून जास्त, म्हणजे यान त्याला कधीच गाठू शकणार नाही. अंतराळात एकटाच वाहत चाललेल्या बेंडरवर एक लघुग्रह आदळतो आणि त्यावरची कोळंबीएवढी माणसं त्याच्या अंगावर वस्ती करतात. बेंडर त्यांचा देव होतो. त्याची पहिली आणि एकमेव आज्ञा: देवाला दारू लागते. दारू तयार होते, पण ती गाळताना ही इवली माणसं राबराबून मोडून पडतात. मग ती गाऱ्हाणी घेऊन येतात. बेंडर मनापासून मदत करायला जातो आणि दर वेळी त्यांचं आणखी वाटोळं करतो. शेवटी ठरवतो, आता हात लावायचा नाही. तिकडे त्याच्या पार्श्वभागावर राहायला गेलेल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकूच आलेली नसतात, ते नास्तिक होतात. दोन्ही बाजूंकडे अण्वस्त्रं येतात. बेंडर ढवळाढवळ करत नाही. सगळे मरतात.

पुढे त्याला एक आकाशगंगा भेटते. ती लुकलुकते, बायनरीत. हाच बहुधा देव. 'बहुधा' हा शब्द मी घालत नाहीये, मालिकेतच ते पक्कं सांगितलेलं नाही. बेंडर विचारतो, तू देव आहेस का? उत्तर येतं, शक्य आहे, सर्व जीवांबद्दल मला करुणा वाटते खरी. बेंडरला शंका, की हे देवाला धडकलेलं एखादं संगणकीकृत अंतराळयान तर नव्हे? आकाशगंगा म्हणते, तीच शक्यता जास्त दिसते.

बेंडर आपली कर्मकहाणी सांगतो. त्यावर आकाशगंगेचं म्हणणं थोडक्यात असं: फार केलंस तर लोक तुझ्यावर विसंबून राहतात, काहीच केलं नाहीस तर आशा सोडतात. हात हलका हवा, तिजोरी फोडणाऱ्याचा किंवा खिसेकापूचा असतो तसा. नीट काम केलंस तर तू काही केलंस की नाही हेच लोकांना कळणार नाही.

हे शेवटचं वाक्य लोक जालावर सुविचारासारखं फिरवतात. पण भाग समजायला ते पुरेसं नाही, असं माझं म्हणणं आहे. फ्युचरामाला देव आहे की नाही यात रसच नाही. देव हे एक काम आहे असं धरून चाललं, तर ते काम करता येण्याजोगं आहे का, एवढाच तिचा प्रश्न. बेंडरला ते जमलं नाही. आकाशगंगेला जमतं का? मला शंका आहे. तुम्हाला काय वाटतं?

नास्तिकनाना

धागा आवडला, पण त्या सुविचाराला तुम्ही अजून फार मान देताय. काम नीट केलं तर केलं की नाही कळणार नाही म्हणे. म्हणजे काहीच न करणाऱ्या देवाला कायमचा जामीन मिळाला. तत्त्वज्ञानात हा जुना मुद्दा आहे. जॉन विस्डमचा १९४४ चा दाखला अँटनी फ्लू या नास्तिक तत्त्वज्ञाने १९५० मध्ये धार करून वापरला. जंगलात दोघांना फुलं आणि तण दोन्ही असलेली मोकळी जागा दिसते. एक म्हणतो, इथे माळी येत असणार. पहारा ठेवतात, विजेचं कुंपण घालतात, शिकारी कुत्री फिरवतात. माळी काही सापडत नाही. तरी पहिल्याचं पालुपद चालूच: माळी आहे, फक्त तो दिसत नाही, त्याला वास नाही, त्याला शॉक लागत नाही. शेवटी दुसरा विचारतो, बाबा रे, तुझा हा माळी आणि मुळात नसलेला माळी यांत फरक काय राहिला?

आकाशगंगा नेमका हाच माळी आहे. फक्त विनोदी आहे म्हणून आपण सोडून देतो.

गोदातीर

नाना, माळ्याची गोष्ट छान, पण फ्लूचं पुढे काय झालं तेही सांगा की! २००४ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्याने जाहीर केलं की विश्वामागे कुणीतरी बुद्धिमान कर्ता असावा असं आता वाटतं. प्रार्थना ऐकणारा देव नव्हे, नुसता कर्ता. म्हणजे आकाशगंगाच म्हणा ना.

मला हा भाग बघताना पैठण आठवलं. नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षं कावडीने पाणी भरत होता, आणि तो कोण हे घरात कुणाला कळलं नाही. नाथषष्ठीला तिथे अजूनही रांजण भरतात. 'कळणार नाही' असं काम करणारा देव आपल्याला नवा नाही.

भोचक_भवानी

घ्या, पाचव्या प्रतिसादाच्या आत पैठण आलं. पंढरपूर किती वाजता पोचतंय? :ड

गोदातीर

दामाजीपंतांची रसीद घेऊन विठू महार बेदरला पोचला की लगेच. थांबा थोडं.

नास्तिकनाना

@गोदातीर, श्रीखंड्याची गोष्ट सुंदर आहे, वाद नाही. पण ती इथे लागू होत नाही. श्रीखंड्या शेवटी कळतो, म्हणूनच त्याची गोष्ट होते. द्वारकेहून कुणी शोधत आला नसता तर तो नुसता एक गडी. आणि तो पाणी भरत होता, प्रत्यक्ष. रांजण भरलेला दिसत होता. आकाशगंगेने कुणाचा रांजण भरला?

तिरकस

नाना, हा मुद्दा मी लिहून ठेवतोय. आकाशगंगेने एक रांजण भरला आहे, पण तो कसा, ते मुख्य धाग्यात मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. भागाचं दुसरं कथानक पृथ्वीवर चालतं. फ्राय बेंडरला शोधायला निघतो. आधी 'फर्स्ट अमाल्गमेटेड चर्च'मध्ये जातो. हे सगळे धर्म एकत्र विलीन करून झालेलं चर्च आहे, पाद्र्याचं नावच मुळी फादर चँगस्टीन-एल-गमाल. फ्राय विचारतो, मित्र सापडायला धर्माची काही मदत होईल का? पाद्री म्हणतो, आपण दोघं मिळून प्रार्थना करू शकतो. फ्राय म्हणतो, ते झालंच, पण उपयोगाचं काही? पाद्री सरळ म्हणतो: नाही.

इथे पाद्री ढोंगी दाखवलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तो लबाडी करत नाही, पैसे मागत नाही, बुवाबाजी नाही. प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. आपल्याकडच्या विनोदात साधू आला की तो भोंदू निघतोच, त्या मानाने हे किती वेगळं.

मग फ्राय आणि लीला हिमालयातल्या एका मठात जातात. तिथले भिक्खू एक प्रचंड रेडिओ दुर्बीण घेऊन आकाशात देव शोधत बसलेले असतात. फ्रायला ती दुर्बीण बेंडर शोधायला हवी असते. भिक्खू देत नाहीत, तेव्हा हे दोघं त्यांना कपडे धुण्याच्या खोलीत कोंडतात आणि दुर्बीण बळकावतात. तीन दिवस काहीच सापडत नाही. अखेर फ्राय हार मानतो आणि हताशपणे बोलून जातो, की बेंडर परत यायला हवा होता. ते वाक्य दुर्बिणीतून जातं, आकाशगंगेला ऐकू येतं, आणि ती बेंडरला पृथ्वीकडे भिरकावते. तो बरोबर या दोघांच्या समोर येऊन पडतो.

आता सांगा, रांजण कुणी भरला?

चांदणचकवा

इथे खगोलवाल्यांची हरकत नोंदवून घ्या. रेडिओ दुर्बीण ऐकण्यासाठी असते, बोलण्यासाठी नव्हे. हौसेने हिमालय चढायची गरज नाही, आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पण त्यांच्यासमोर उभं राहून कितीही मनापासून हाक मारली तरी बाहेर काही जाणार नाही, तिथे प्रक्षेपकच नाही.

पोर्टो रिकोच्या आरेसिबोला मात्र रडारचा प्रक्षेपक होता. १६ नोव्हेंबर १९७४ ला तिथून एम १३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला गेला. १६७९ बिट्सचा, बायनरीत. १६७९ का? तर ती २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, म्हणजे वाचणाऱ्याला त्या बिट्सची चौकट एकाच आकाराची मांडता येते. त्यात आकडे, डीएनए, माणसाची आकृती असं काय काय होतं. एम १३ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं दूर. उत्तर आलंच तर ५० हजार वर्षांनी.

तेव्हा बायनरीत लुकलुकणारी आकाशगंगा हा वाटतो तेवढा वेडपट विनोद नाही. माणसाने दूरच्या कुणाला पहिली जोरकस हाक मारली ती बायनरीतच. फक्त आपण मारलेल्या हाकेत 'मित्र परत दे' असं कुठे नव्हतं, आपण स्वतःची ओळख करून देत होतो.

रात्रपाळी

मी डेटा सेंटरात आहे. 'नीट काम केलंस तर काही केलंस की नाही हेच कळणार नाही', हे आमच्या खात्याचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नाही. सर्व्हर चालू असला की साहेब विचारतो, तुम्ही दिवसभर करता काय? बंद पडला तरी तोच प्रश्न.

भोचक_भवानी

हहपुवा. म्हणजे देव तिसऱ्या पाळीत आहे एकूण.

सनातनी_सदा

अमेरिकनांना हिमालय दिसला की मठ आणि भिक्खू आठवतात. याच ग्रेनिंगच्या 'सिम्पसन्स'मध्ये १९९७ मध्ये होमरने गणपतीचं सोंग घेऊन भारतीय दुकानदार अपूचं लग्न मोडायचा प्रयत्न केला होता. तेव्हा कुणी हसलं नाही. आपल्या देवांवर विनोद करताना यांना हलका हात आठवत नाही वाटतं?

मावळती

सदाजी, तो प्रसंग मलाही खटकला होता, आणि अपूचं एकूण पात्रच. पण तो राग फ्युचरामावर काढू नका. तिथली थट्टा बहुतेक ख्रिस्ती आणि ज्यू परंपरेवर आहे, म्हणजे ज्या समाजासाठी मालिका बनते त्याच्याच घरातल्या गोष्टींवर. हिमालयातला मठ हा ठोकळेबाजपणा आहे हे मान्य. पण त्या मठात खिल्ली कुणाची होते बघा. भिक्खू साधे, कामसू आहेत. दांडगाई करतात ती पिझ्झावाला फ्राय आणि लीला.

संपादक मंडळ

कोणत्या धर्माची थट्टा जास्त झाली याचा हिशेब या धाग्यावर नको. विषयाला धरून लिहावे.

एडिसनकर

विषयाला धरूनच लिहितो. पहिल्या मोसमातला 'हेल इज अदर रोबॉट्स' कुणी काढला नाही अजून? बेंडरला विजेचं व्यसन लागतं, त्यातून सुटायला तो रोबॉटॉलॉजीची दीक्षा घेतो, अगदी असह्य सज्जन होतो, मग मोह पडून पुन्हा पाप करतो आणि थेट रोबोंच्या नरकात. आणि हा नरक कुठे आहे? न्यू जर्सीत! अटलांटिक सिटीतल्या एका बंद पडलेल्या जत्रेच्या मैदानाखाली. आम्ही एडिसनमधले मराठी लोक हे अभिमानाने सांगतो. संध्याकाळी ५ वाजता टर्नपाइक महामार्गावर या, पटेल.

गमतीचा भाग म्हणजे तो नरक कायद्याने चालतो. २२७५ सालचा 'फेअरनेस इन हेल अ‍ॅक्ट' आहे. त्यानुसार रोबो सैतानाला फिडल वाजवण्याच्या स्पर्धेत हरवलं तर आत्मा सुटतो, वर शुद्ध सोन्याचं फिडल बक्षीस. त्यावर शंका निघते, की भरीव सोन्याचं फिडल मणभर वजनाचं आणि बद्द आवाजाचं असेल ना? सैतान मान्य करतो, ते मुख्यतः दाखवायलाच आहे.

तिरकस

एडिसनकर, तुम्ही माझ्या मुद्द्याला बळ दिलंत. नरकसुद्धा खात्यासारखा: नियम, पोटनियम, पळवाटा. तसाच रोबो सांता. 'मॉम्स फ्रेंडली रोबॉट कंपनी'ने २८०१ मध्ये बनवला, कोण गुणी आणि कोण वाह्यात ते ठरवायला. प्रोग्रॅमिंगच्या चुकीमुळे त्याचे निकष इतके कडक झाले की त्याच्या लेखी सगळेच वाह्यात. म्हणून दर नाताळात तो सगळ्यांना गोळ्या घालत फिरतो. पहिल्या खेपेला त्याच्या यादीत गुणी निघतो एकटा डॉक्टर झॉइडबर्ग, ज्याला बाकी कुणी धड विचारत नाही. त्याला भेट मिळते: पोगो स्टिक. काटेकोर न्यायाधीश आणि क्षमा शून्य असा देव नेमला तर काय होईल, याचा प्रयोगच आहे तो. चित्रगुप्ताला फक्त उणे खातं दिलंय.

जुनाखोंड

मंडळी, सगळं वाचलं. आमच्या वेळी असली चर्चा चहाच्या टपरीवर होई, आता इथे होते. एक साधा प्रश्न. इवल्या जीवांचा देव होणे ही कल्पना फ्युचरामाने कुठे शोधली? ती जुनीच आहे की.

गणिती_गंमत

काका, जुनी आहेच. खुद्द 'सिम्पसन्स'मध्ये १९९६ च्या हॅलोविन भागात लिसाचा पडलेला दात सोड्यात बुडतो आणि त्यावर एक इवली संस्कृती उगवते. तिच्यासाठी लिसा देव, बार्ट सैतान. 'गॉडफेलाज'नंतर तीनेक महिन्यांनी 'साउथ पार्क'ने कार्टमनला टीचभर जीवांचा देव केला, आणि त्याच भागाचं रडगाणं हे की काहीही सुचलं तरी ते 'सिम्पसन्स'ने आधीच केलेलं असतं. २०१५ मध्ये 'रिक अँड मॉर्टी'त रिकने आख्खं सूक्ष्म विश्व गाडीच्या बॅटरीसाठी राबवलं.

फरक असा की लिसा अपघाताने देव होते, रिक मालक असतो, कार्टमनला फक्त पूजा हवी असते. बेंडर सुरुवातीला कार्टमनच असतो, पण मग त्याला वाईट वाटायला लागतं. दारूसाठी देव झालेल्या रोबोला पश्चात्ताप होतो, तिथे हा भाग इतरांच्या पुढे जातो.

कीलरच्या गणिताबद्दल: २०१० च्या 'द प्रिझनर ऑफ बेंडा' भागासाठी त्याने खरंखुरं प्रमेय सिद्ध केलं. शरीरांची अदलाबदल कितीही गुंतली तरी दोन ताजी माणसं आणली की सगळे आपापल्या शरीरात परत येऊ शकतात. असा माणूस देवाबद्दल लिहितो तेव्हा पहिली ओळ 'समजा, देव आहे' अशीच असणार. आता हे बघा. बेंडर विचारतो, मी काय करणार ते तुला आधीच माहीत असतं? हो. मग मी वेगळंच काही केलं तर? तर मग ते मला माहीत नसतं. सर्वज्ञता आणि इच्छास्वातंत्र्य हा ईश्वरशास्त्रातला सगळ्यात चिवट प्रश्न, चार वाक्यांत. आणि उत्तर पळपुटं वाटलं तरी तर्कात कुठे चूक आहे, दाखवा.

नास्तिकनाना

चूक दाखवतो. पहिलं उत्तर खोटं ठरतं. 'हो' म्हणायला नको होतं.

गणिती_गंमत

बरोबर. म्हणून तर ती विनोदी मालिका आहे आणि प्रबंध नाही. ह. घ्या.

मावळती

मला वेगळं काही बोलायचंय. सगळे 'हलका हात'वर अडकलेत, पण त्या संवादात पुढे काय होतं? आकाशगंगा म्हणते तिजोरी फोडणारा, खिसेकापू. बेंडर लगेच भर घालतो: किंवा विम्याच्या पैशांसाठी बार जाळणारा माणूस! आणि आकाशगंगा म्हणते, हो, पण ते विजेच्या बिघाडाने झालं असं भासवता आलं तर.

तिथे थांबून बघा. देव चोराला चोराच्या भाषेत समजावतोय. उपमा सगळ्या बेंडरच्या धंद्यातल्या. जनाबाईबरोबर दळायला बसणारा देव जात्यावर बसतो, ओवीत बोलतो. बेंडरच्या देवाला बार कसा जाळावा हे माहीत आहे. गुरूने शिष्याच्या पातळीवर उतरणं मी पाहिलंय, पण वायरिंगच्या बारकाव्यापर्यंत उतरलेला हा पहिलाच.

(हो भवानीताई, पंढरपूर पोचलं.)

भोचक_भवानी

पोचलं ते पोचलं, वर जातंही घेऊन आलं! पण हे मस्त लिहिलंय हो.

नास्तिकनाना

मावळती, वाचायला गोड आहे. पण त्याच संवादात बेंडर प्रार्थनांबद्दल विचारतो तेव्हा आकाशगंगेचं उत्तर काय? मागणारे इतके, मागणी इतकी, की काही काळाने ऐकणं बंदच होतं. ही करुणा? त्या कोळंबीएवढ्या लोकांनी पार्श्वभागावरून हेच ऐकलं होतं, म्हणजे काहीच नाही. ते नास्तिक झाले ते तर्काने नव्हे, गाऱ्हाणं पोचलं नाही म्हणून. आणि मालिका त्यांना 'चुकलेले' म्हणत नाही. त्यांचा देव खरोखर होता आणि खरोखर त्यांचं ऐकत नव्हता. नास्तिकांची बाजू एवढ्या माणुसकीने मांडलेली मी कार्टूनमध्ये पाहिलेली नाही. पण मग शेवटी सुविचार आकाशगंगेच्या तोंडी देऊन लेखकाने माघार घेतली, ही माझी तक्रार कायम.

तिरकस

नाना, लेखकाने माघार घेतलेली नाही. सुविचार भागात दोनदा येतो. दुसऱ्यांदा अगदी शेवटी, कॅमेरा पृथ्वीवरून मागे मागे जात आकाशगंगेपर्यंत पोचतो तेव्हा. पण त्याच्या लगेच आधी काय घडतं? बेंडर परत आलेला. फ्राय आणि लीलाला आठवतं की भिक्खू अजून धुलाईच्या खोलीतच आहेत. त्यांचं म्हणणं पडतं, कशाला एवढं परत जायचं? भिक्खूच ते, त्यांचा देव सोडवेल त्यांना. यावर बेंडर उसळतो. देवावर कसलाही भरवसा ठेवता येत नाही, त्यानेच मला सांगितलंय! चला, आपण सोडवलं नाही तर कुणीच सोडवणार नाही.

म्हणजे दोन शेवट आहेत आणि ते एकमेकांना छेद देतात. बेंडर देवाला भेटून आला आणि 'आपणच करायला हवं' असं शिकला. त्यानंतर आकाशगंगा म्हणते, नीट काम झालं तर कळणार नाही. आता बेंडरला तसं शिकवणं हेच तिचं नीट झालेलं काम का? की ती नुसती स्वतःची समजूत काढतेय? भागात याचं उत्तर नाही. भिक्खूंची सुटकासुद्धा पडद्यावर दिसत नाही.

आणि हा संवाद कुणाच्या आवाजात आहे? आकाशगंगेला आवाज बिली वेस्टचा. फ्रायचा आवाजही त्याचाच. हाक मारणारा आणि ऐकणारा, दोघांचा गळा एक. यातून अद्वैत काढायचा मोह मी आवरतोय, कारण मालिकेतले प्रोफेसर फार्न्सवर्थ आणि झॉइडबर्गही तोच माणूस बोलतो.

गोदातीर

आवरू नका हो! सर्वांभूती बिली वेस्ट.

चांदणचकवा

दंडवत _/\_

रात्रपाळी

भिक्खूंबद्दल एक शंका. ते आयुष्यभर दुर्बिणीने देव शोधत होते. ज्या क्षणी दुर्बिणीचा देवाशी संपर्क झाला तेव्हा ते कुठे होते? धुलाईच्या खोलीत. आणि संपर्क ज्याने केला त्याला तो झाल्याचं माहीतही नाही. मला भागातला सगळ्यात क्रूर विनोद तो वाटतो. अण्वस्त्रांपेक्षाही.

नास्तिकनाना

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा बघावा लागणार.

एडिसनकर

उत्क्रांतीवाला भाग कुणी काढलाच नाही. 'अ क्लॉकवर्क ओरिजिन', २०१०. प्रोफेसर फार्न्सवर्थ विरुद्ध उत्क्रांती न मानणारे लोक, आणि त्यांचा पुढारी डॉक्टर बँजो चक्क ओरँगउटान! प्रोफेसर वैतागून दुसऱ्या ग्रहावर जातो, तिथे त्याने सोडलेल्या सूक्ष्म रोबोंपासून बघता बघता रोबोंची आख्खी जीवसृष्टी उत्क्रांत होते. म्हणजे कर्ताही तोच आणि उत्क्रांतीचा साक्षीदारही तोच. आणि तिथले प्रगत रोबो त्यालाच कोर्टात उभं करतात.

तिरकस

तो भाग मला 'गॉडफेलाज'पेक्षा बराच ढोबळ वाटतो. एका बाजूला माकड बसवून वाद जिंकणं सोपं आहे. शेवटी दोघंही एकेक पाऊल मागे घेतात तेवढं बरं आहे. 'स्टार ट्रेक'चा धर्म होतो आणि त्याच्या भक्तांना ज्वालामुखीत फेकतात तो २००२ चाच भाग त्याहून मजेशीर, कारण तिथे लेखक स्वतःच्याच जमातीवर हसतायत.

जुनाखोंड

तुम्हा लोकांमुळे आता बघणे आले. कुठून सुरुवात करू? आणि नात दहा वर्षांची आहे, तिच्यासोबत बघण्याजोगे आहे का?

भोचक_भवानी

काका, बेंडर दारू पितो, सिगार ओढतो, दिसेल ते चोरतो आणि येईल त्याला शिव्या देतो. बाकी संस्कारक्षम आहे.

तिरकस

काका, आधी एकट्याने बघा. पहिला भाग बघून फ्राय भविष्यात कसा येतो ते कळू द्या, मग 'हेल इज अदर रोबॉट्स', मग 'गॉडफेलाज'. शोधताना एक लक्षात ठेवा: डीव्हीडीवर 'गॉडफेलाज' तिसऱ्या मोसमाचा विसावा भाग आहे, पण टीव्हीवर तो चौथ्या मोसमात दाखवला गेला, त्यामुळे दोन्ही याद्यांत वेगळ्या जागी सापडेल. नातीला दाखवायचा की नाही ते त्यानंतर तुम्हीच ठरवा.

जुनाखोंड

सापडला. सुनेला लावून द्यायला सांगितला आहे. नात शेजारी येऊन बसलीच आहे, आता काय करता.